जॅकखालची जमीन, जॅकपर्यंतची तार

भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत जॅकवर गाडी समतल करण्याची विद्या आधीपासून आहे. उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला की बोअरची गाडी बोलावली जाते. यातल्या कितीतरी गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या असतात. शेतात शिरल्यावर ती माणसं लगेच यंत्राला हात लावत नाहीत. आधी जमीन बघतात, पायाने दाबून बघतात, लाकडाचे जाड ठोकळे टाकतात आणि मगच हायड्रॉलिक जॅक खाली सोडतात. मनोरा ओळंब्यात उभा राहिला नाही तर भोक तिरकं जातं, रॉड आत अडकतात. म्हणून या तयारीत कोणी घाई करत नाही.

त्याच शेतांच्या आणि धरणांच्या काठी आता आणखी एक वाहन अधूनमधून दिसतं: मोटारीच्या मागे जोडून आणलेला कॅम्पिंग ट्रेलर. आत दोन-चार माणसांची झोपायची सोय, छोटासा ओटा, पाण्याची टाकी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर अशा वाहनांबद्दल कुतूहल वाढलं. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी आणि पानशेत या धरणांच्या आसपास तंबूंचे कॅम्प बरेच आहेत. ट्रेलर त्या मानाने थोडे. त्यामुळे ट्रेलरचे विजेवर चालणारे जॅक दुरुस्त करणारा खास कारागीर भोरच्या बाजारपेठेत शोधून सापडायचा नाही. पण काळजीचं कारण नाही. या जॅकमध्ये असा एकही भाग नाही, जो तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीने दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रात पाहिलेला नाही. मोटर गाडीच्या सेल्फच्या जातीची, रिले ट्रॅक्टरमध्ये असतात तसे, स्क्रू लेथवाल्याच्या ओळखीचा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जॅक चालेनासा झाला की मालक जॅकवरच राग काढतो. तो उतरवतो, नवा मागवतो, आठ-दहा दिवस आणि बरेच पैसे घालवतो, आणि नवा बसवल्यावर तोही तसाच कण्हत कण्हत चालतो. कारण बिघाड बहुतेक वेळा जॅकच्या आत नसतोच. तो जॅकपर्यंत येणाऱ्या तारेत असतो, नाहीतर जॅकच्या खालच्या जमिनीत. या दोन जागा तपासल्याशिवाय जॅकचा एकही बोल्ट सैल करू नये, असं माझं ठाम मत आहे.

समतल करायचंच कशासाठी? झोपताना डोकं खाली आणि पाय वर जाऊ नयेत, एवढंच कारण नाही. तिरक्या ट्रेलरमध्ये बेसिनचं पाणी मोरीकडे जात नाही, दार आपोआप उघडतं किंवा चौकटीत घासतं, टाकीतल्या पाण्याचं माप चुकीचं दिसतं. परदेशी बनावटीच्या काही ट्रेलरमध्ये गॅसवर चालणारा फ्रीज असतो. त्यात अमोनियाचं द्रावण पंपाशिवाय, केवळ उतारावरून वाहतं. ट्रेलर फार कलता ठेवून तो चालवला तर आतलं यंत्र कायमचं निकामी होऊ शकतं. कल किती म्हणजे फार? ट्रेलरच्या दोन चाकांमध्ये २ मीटर अंतर असेल, तर फक्त २ अंशांच्या कलाने एक चाक दुसऱ्यापेक्षा ७ सेंटिमीटर खाली जातं. डोळ्यांना हा उतार जाणवतही नाही. डोंगराळ मुलखात तर डोळा हमखास फसतो, कारण सभोवती एकही रेष आडवी नसते. म्हणून गवंड्याकडची साधी पाणसळ सोबत ठेवावी. मोबाईलमध्ये पाणसळीची सोय असते खरी, पण पाठीवरचा कॅमेऱ्याचा उंचवटा फोनलाच तिरका करतो. तो जमिनीवर उताणा ठेवण्याऐवजी कडेवर उभा धरावा.

आता जॅकच्या आत बघू. बाहेरून दिसतो तो लोखंडी चौकोनी किंवा गोल नळा. त्याच्या आत दुसरा नळा सरकतो, त्याच्या टोकाला तळाची प्लेट. आतल्या नळ्याच्या मधोमध जाड आट्यांचा एक लांब स्क्रू उभा असतो आणि नळ्याला पक्का केलेला नट त्यावर चढतो-उतरतो. स्क्रूच्या माथ्यावर गिअरची पेटी, तिच्यावर १२ व्होल्टची मोटर. मोटर वेगाने फिरते, गिअर तो वेग कमी करून जोर वाढवतात, स्क्रू सावकाश फिरतो आणि पाय खाली उतरतो. वायरींची अदलाबदल करून प्रवाह उलटा केला की मोटर उलटी फिरते आणि पाय वर येतो; ही अदलाबदल रिले करतात.

या रचनेतली खरी करामत स्क्रूच्या आट्यांत आहे. आट्यांचा उतार फार कमी ठेवलेला असतो. समजा स्क्रूची सरासरी जाडी १८ मिलिमीटर आहे आणि एका फेऱ्यात तो ४ मिलिमीटर चढतो. म्हणजे उतार जेमतेम ४ अंशांचा. स्क्रूचं पोलाद आणि नटाचं गनमेटल यांच्यातलं घर्षण एवढ्या उतारावरून नटाला घसरू देत नाही. वीज गेली, फ्यूज उडाला, बॅटरी संपली, तरी ट्रेलर आहे तिथेच राहतो. बोअरच्या गाडीचा हायड्रॉलिक जॅक याहून कितीतरी पट वजन उचलतो, पण त्याचं सील झिजलं की तेल झिरपतं आणि पाय हळूहळू बसतो. स्क्रूच्या जॅकमध्ये तसं होत नाही.

या सुरक्षिततेची किंमत मात्र विजेत मोजावी लागते. एका पायावर ७०० किलो भार आहे आणि तो सेकंदाला ४ मिलिमीटर वर चढतो आहे, असं धरू. त्यासाठी प्रत्यक्ष लागणारी शक्ती जेमतेम २७ वॉट. पण ज्या घर्षणामुळे पाय घसरत नाही, तेच घर्षण चढतानाही आड येतं. स्क्रूला दिलेल्या शक्तीतला एकतृतीयांशाहून कमी भाग कामी येतो. गिअर आपला वाटा खातात, मोटर आपला. शेवटी बॅटरीला २५० वॉटच्या आसपास द्यावे लागतात, म्हणजे १२ व्होल्टवर २० अँपिअरहून जास्त. उरलेली सगळी शक्ती उष्णता होऊन मोटरीत आणि स्क्रूमध्ये मुरते. जॅक सलग चालवत राहू नये, मोटर हाताला चटका देऊ लागली की थांबावं, असं कंपन्या सांगतात त्यामागे हा हिशेब आहे. ग्रीस वाळलेला स्क्रू आणखी जास्त प्रवाह मागतो, हेही त्यातच आलं.

वीस-पंचवीस अँपिअर हा आकडा लक्षात ठेवला की तारेचं महत्त्व कळतं. घरातल्या २३० व्होल्टच्या जोडणीत वाटेत एखादा व्होल्ट हरवला तर कुणाला पत्ताही लागत नाही. इथे हातात मुळात १२ आहेत. बॅटरी पुढे आणि जॅक मागे, तार ६ मीटर जाणारी आणि ६ मीटर परत येणारी, जाडी ४ चौरस मिलिमीटर, असं धरा. २५ अँपिअर वाहताना या तांब्यातच सुमारे १.३ व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे दहावा हिस्सा वाटेतच गेला. तीच तार १० चौरस मिलिमीटरची घेतली तर तोटा अर्ध्या व्होल्टवर येतो. मागचे जॅक पुढच्यांपेक्षा मंद चालतात अशी तक्रार येते, तेव्हा पुष्कळदा एवढंच कारण असतं. शिवाय ही तोट्याची बेरीज फक्त चांगल्या तारेची आहे. गंजलेली लग (तारेच्या टोकाची धातूची कडी), सैल फ्यूज होल्डर, हाताने पिळून टेप गुंडाळलेला जोड, यांचा तोटा वेगळा.

हा तोटा शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो, पण तो लावायची रीत माहीत हवी. जॅक बंद असताना मोटरपाशी व्होल्ट मोजले तर १२.६ दिसतील आणि सगळं ठीक आहे असा गैरसमज होईल. प्रवाह वाहत नसेल तर सडलेल्या तारेतही पूर्ण व्होल्ट दिसतात. मोजायचं ते जॅक भाराखाली चालू असताना, आणि त्यासाठी दुसऱ्या माणसाने बटण दाबून धरायला हवं. आधी बॅटरीवरच बघा. पूर्ण चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी स्वस्थ असताना १२.६ ते १२.७ दाखवते; १२ च्या आसपास असेल तर ती बरीचशी रिकामी आहे. जॅक चालू करताच बॅटरीचे व्होल्ट कोसळत असतील तर पुढे बघायचं कारण नाही, दोष तिथेच आहे. बॅटरी टिकून असेल तर मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी मोटरीच्या धन टोकाला लावा. जो आकडा येईल तो वाटेतला तोटा. मग हेच ऋण बाजूला करा. प्रत्येक बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. त्याहून जास्त आलं तर एक पिन आहे तिथेच ठेवून दुसरी एकेक जोड मागे सरकवत न्या. ज्या जोडावर आकडा एकदम खाली येतो, तो जोड गुन्हेगार.

हा जोड बहुतेक वेळा अर्थिंगचा निघतो. जॅकच्या मोटरीची ऋण तार अनेक ट्रेलरमध्ये थेट बॅटरीपर्यंत नेलेली नसते. ती चासीच्या पट्टीला एका बोल्टने जोडून दिलेली असते. हा बोल्ट चाकाच्या मागे, चिखल उडतो नेमक्या त्या जागी असतो. बाहेरून बघितलं तर घट्ट, पाना लावला तरी हलत नाही. पण तो खोलून लग उलटी करा. तांब्याच्या लगवर हिरवट पांढरी पूड धरलेली असते, बोल्टभोवती गंजाचं कडं, आणि लगच्या खाली कारखान्यात मारलेला काळा रंग तसाच. म्हणजे प्रवाह इतके दिवस केवळ बोल्टच्या आट्यांतून वाट काढत होता. तांबं आणि पोलाद एकमेकांना चिकटून ओले झाले की त्यांची आपापसात एक क्षुद्र बॅटरी तयार होते आणि पोलाद झिजू लागतं. उपाय अर्ध्या तासाचा आहे. चासीवरचा रंग पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासायचा, कथिलाचा मुलामा असलेली नवी लग क्रिंप करून घ्यायची, दातेरी वॉशर घालून आवळायचं आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग द्यायचा. आधी नाही, नंतर. हे काम मन लावून केलं तर ट्रेलरच्या चारही जॅकचा वेग एकाच दुपारी वाढलेला दिसतो.

मल्टिमीटर हाती घेण्याआधी कानांचाही उपयोग करावा. बटण दाबल्यावर काहीच आवाज नसेल तर फ्यूज, मुख्य ब्रेकर, बटण आणि बॅटरीची टोकं याच क्रमाने बघावं. रिलेचा टक् असा आवाज येतो पण मोटर गप्प, तर रिलेची आतली टोकं जळली आहेत, किंवा मोटरीचे कार्बन संपले आहेत, किंवा अर्थिंग गेलं आहे. मोटरीच्या डोक्यावर लाकडी मुठीने हलकेच ठोकल्यावर ती चालू झाली तर कार्बन समजावे. मोटर मजेत घूं करत फिरते पण पाय जागचा हलत नाही, तेव्हा मोटर आणि स्क्रू यांना जोडणारी पिन तुटलेली असते. ही पिन मुद्दाम कमजोर ठेवतात, म्हणजे जोर जास्त झाला तर पिन तुटावी, गिअरचे दात नाही. आणि मोटर कण्हत, मंदावत चालते तेव्हा तीन शक्यता: व्होल्ट कमी, स्क्रू कोरडा, किंवा पाय वाकलेला. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर ३० च्या जागी ५० अँपिअरचा घालण्याचा मोह होतो. तसं अजिबात करू नये. फ्यूज तारेचं रक्षण करायला आहे. मोठा फ्यूज घातला की त्याच्याऐवजी तार जळते, आणि ट्रेलरच्या भिंतींत प्लायवूड आणि फोम असतो.

आता जमिनीकडे वळू, कारण या मुलखात जमीनच जॅकची खरी परीक्षा घेते.

पुण्याहून सातारा रस्त्याने चेलाडी फाट्याला वळून नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याकडे जावं, किंवा भोर ओलांडून महाडच्या रस्त्याने हिर्डोशीकडे. दोन्ही बाजूंना सपाट म्हणून जी जागा दिसते ती बहुतांशी भातखाचरं असतात. डोंगरउतारावर सपाटी निर्माण केली ती शेतकऱ्याने, बांध घालून. ट्रेलरवाल्याला ही सपाटी खुणावते. पण खाचराची माती वर्षानुवर्षं चिखलणी करून मुद्दाम मऊ केलेली असते. नांगराने आणि पायांनी तिचे कण मोडून असा राडा करतात की पाणी खाली मुरू नये. दिवाळीनंतर ती वरून वाळते, भेगा पडतात, चालताना कडक लागते. हातभर खाली मात्र ओलावा कितीतरी दिवस टिकतो. जॅकची प्लेट १५ सेंटिमीटर चौरस असली आणि तिच्यावर ८०० किलो आले, तर दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोहून जास्त दाब पडतो. ओली चिकण माती याच्या पावपट दाबालाही बसू लागते. संध्याकाळी समतल केलेला ट्रेलर सकाळी एका कोपऱ्यात खचलेला दिसतो तो असा. त्याच पायाखाली ३० बाय ४५ सेंटिमीटरची जाड फळी टाकली तर दाब ०.६ किलोवर येतो. पातळ प्लायवूड चालत नाही, ते मधोमध वाकतं आणि भार पुन्हा प्लेटएवढ्याच जागेवर येतो. दोन इंच जाडीची फळी हवी. आणि खाचरात उतरण्याआधी मालकाला विचारावंच. परवानगी तर मिळेलच, शिवाय कुठला कोपरा उशिरा वाळतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

धरणकाठची गाळाची जमीन याहून फसवी. भाटघरचं पाणी उन्हाळ्यात खूप मागे सरतं. वेळवंडीच्या पात्रातलं कांबरेश्वराचं देऊळ, जे वर्षाचा बहुतेक काळ पाण्याखाली असतं, ते उघडं पडतं आणि लोक बघायला येतात. उघड्या पडलेल्या पात्रात गाडी थेट खाली नेण्याची इच्छा होते. वर पापुद्रा वाळलेला, खाली गाळ. इथे फळीही पुरत नाही. ट्रेलर वरच मुरमाड जागेवर ठेवावा आणि देवळापर्यंत पायी जावं. मुरूम हीच या भागातली सगळ्यांत भरवशाची जमीन: पाणी निचरून जातं, दाबली की घट्ट बसते. कातळ मजबूत असतो, पण त्यावर लोखंडी प्लेट घसरते. तिथे फळीऐवजी जाड रबराचा तुकडा घालावा, जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचा मिळाला तर उत्तम.

जॅक वाकण्याचं मुख्य कारण हे घसरणंच आहे. स्क्रूचा पाय सरळ खाली येणारा भार पेलण्यासाठी बनवलेला असतो, आडवा धक्का सोसण्यासाठी नाही. पाय जितका जास्त बाहेर आलेला, तितका तो आडव्या जोराला कच्चा. म्हणून क्रम पाळावा लागतो. ट्रेलर मोटारीला जोडलेला असतानाच डावी-उजवी बाजू साधायची, आणि ती जॅकने नव्हे तर चाकाने: जी बाजू खाली असेल त्या चाकाखाली फळ्या टाकून त्यावर ट्रेलर चढवायचा. मग दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, भक्कम उटी लावायची. त्यानंतरच मोटार सोडवायची. पुढे-मागचा कल पुढच्या दांडीच्या जॅकने काढायचा. चार कोपऱ्यांचे जॅक सगळ्यांत शेवटी खाली येतात. काही ट्रेलरमध्ये ते नुसते डोलणं थांबवण्यापुरतेच असतात, वजन उचलायला नाही; आपले कुठल्या जातीचे आहेत ते कंपनीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावं. जात कुठलीही असो, चाकं जमिनीवरून सुटतील इतकं उचलू नये. चाकं सुटली की उटीचा उपयोग संपतो आणि अख्खा ट्रेलर चार बारीक पायांवर पुढे सरकायला मोकळा होतो. आणि केवळ जॅकवर उभ्या असलेल्या ट्रेलरखाली कुणीही, एक बोल्ट बघण्यापुरतंसुद्धा, शिरू नये. खाली काम करायचं असेल तर चासीखाली लोखंडी घोडे लावावेत आणि बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी.

ज्या ट्रेलरमध्ये एका बटणावर सगळं आपोआप समतल होतं, तिथे एक छोटी पेटी ट्रेलरचा कल मोजते आणि पाय जमिनीला टेकला हे मोटरीचा प्रवाह वाढल्यावरून ओळखते. बॅटरी कमजोर असली की तिचा हा अंदाज चुकतो आणि यंत्रणा मध्येच थांबून दोष दाखवते. पेटी बिघडली असं ठरवण्याआधी बॅटरी चार्ज करून बघावी. पेटीचे स्क्रू सैल झाले असतील तर तिला समजणारं शून्यच सरकतं; मग ती प्रामाणिकपणे ट्रेलर वाकडा उभा करते. ती घट्ट बसवून, पाणसळीने ट्रेलर हाताने समतल करून, पुस्तिकेप्रमाणे शून्य नव्याने नोंदवावं लागतं.

ग्रीसच्या बाबतीत हौशी माणसं एक चूक करतात: बाहेर दिसणाऱ्या नळ्याला चरबट ग्रीसचा थर लावतात. या रस्त्यांवरची तांबडी धूळ त्यावर बसते, तिचा मलम तयार होतो, आणि पाय वर जाताना तो मलम आत ओढला जातो. सरकणारा नळा ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, त्यावर सिलिकॉनचा कोरडा फवारा मारावा. ग्रीसची जागा आत, स्क्रूवर आणि गिअरच्या पेटीत. काही जॅकना त्यासाठी नळ्यावर निप्पल किंवा रबरी बूच असतं, काहींना मोटर उतरवावी लागते. जुनं काळं ग्रीस आधी पुसून काढावं. वरचेवर नवं भरत गेलं की झिजलेल्या धातूचा चुरा आतच फिरत राहतो.

मृग लागण्याच्या आधी ही सगळी कामं उरकलेली बरी. नसरापूरच्या बाजूला पाऊस बेताचा, पण केळद, मढे घाट, वरंधा या घाटमाथ्याच्या पट्ट्यात तो कोसळतो, आणि धुकं दिवसच्या दिवस हटत नाही. अशा हवेत पाणी वरूनच येतं असं नाही, ते तारेवरून ओघळत जोडापर्यंत पोचतं. म्हणून मोटरीत शिरण्याआधी तार थोडी खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. पावसाळ्यात ट्रेलर उभा ठेवताना चारही पाय पूर्ण वर घेऊन ठेवावेत, म्हणजे नळ्याचा घासलेला भाग बाहेरच्या दमट हवेत उघडा राहत नाही. बॅटरी दरमहा चार्ज करावी आणि त्याच दिवशी प्रत्येक जॅक थोडा खाली-वर चालवावा. रिले नुसते पडून राहिले तरी त्यांच्या टोकांवर गंज धरतो.

आणि गणपतीनंतर ट्रेलर बाहेर काढताना नळ्यांच्या तळाची भोकं बघावीत. आत गेलेलं पाणी निघून जावं म्हणून ती ठेवलेली असतात, आणि कुंभारीण माशीला घर बांधायला नेमकी तेवढीच जागा आवडते. ओल्या मातीच्या गोळ्यांनी ती भोक लिंपून टाकते. पाणी आत साठतं, स्क्रूचा खालचा भाग गंजतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बारीक तारेने भोक मोकळं करायला मिनिटही लागत नाही. भाताच्या मुलखात उंदीरही भरपूर. वायरींवर प्लॅस्टिकची वलयांकित नळी चढवली तरी तिची टोकं टेपने बंद हवीत, नाहीतर ती नळीच त्यांचा रस्ता होते.

इतकं करूनही एखादा पाय खालीच अडकला तर? बहुतेक विजेच्या जॅकना हाताने फिरवायची सोय असते. मोटरीच्या माथ्यावरचं रबरी बूच काढलं की षटकोनी टोक दिसतं. त्याच्या मापाचा सॉकेट आणि रॅचेट ट्रेलरमध्ये कायम असावा, आणि घरी, कोरड्यात, उजेडात, तो एकदा लावून पाहिलेला असावा. हाताने फिरवताना पाय सहज वर आला तर दोष विजेचा. फार जोर लागला, किंवा एका ठरावीक जागी अडला, तर नळा वाकला आहे. मग ओढाताण करू नये. चाकांना उटी आहे याची खात्री करून शेजारी फळीवर बॉटल जॅक लावावा, चासी अगदी थोडी उचलून पायावरचा भार काढावा आणि जॅकचे बोल्ट काढून तो अख्खा उतरवावा. लोंबणारा पाय घेऊन वरंधा घाटाकडे तर सोडाच, गावातल्या गतिरोधकावरूनही जाता येत नाही.

उतरवलेला जॅक घेऊन भोर किंवा नसरापूरला यावं. मोटरीचे कार्बन आणि बुश सेल्फ दुरुस्त करणाऱ्याकडे बदलून मिळतात. मूळ कार्बन मिळाले नाहीत तर तो मोठ्या आकाराचे घासून बसवतो, आणि ते नीट चालतात. बेअरिंग आणि तेलाची सीलं मापावर मिळतात, फक्त जुनं सील फेकून न देता सोबत न्यावं. नट झिजला असेल तर लेथवाला गनमेटलचा नवा करून देऊ शकतो, पण त्याच्याकडे स्क्रूही द्यावा लागतो, कारण आटे जुळवायचे ते त्या स्क्रूशी. मोटर आणि गिअर यांच्यामधली तुटलेली पिन मात्र हातात येईल त्या कडक पोलादाची घालू देऊ नये. मूळच्या जाडीची आणि मूळच्या नरमाईचीच हवी. वाकलेला नळा प्रेसवर सरळ करून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणावं. एकदा वाकलेलं लोखंड त्याच जागी पुन्हा वाकतं, आणि तेव्हा वर ट्रेलर असतो. तेवढा एक भाग कंपनीकडून नवा मागवावा, आणि तो येईपर्यंत त्या कोपऱ्याला कॅम्पमध्ये लाकडी ठोकळे रचून टेकू द्यावा.